छिन्नमनस्कता आणि मोबदल्याची वेळ

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रौढांच्या कामावर मोबदला किती मिळतो याचा जसा परिणाम होतो, तसाच तो केव्हा मिळतो याचाही होतो.

भास आणि संशय घरच्यांच्या लगेच लक्षात येतात. उमेद आटणे हेही याच आजाराचे लक्षण. त्याला मात्र ‘आळस’ हे नाव पडते आणि तो सरळ अन्याय आहे. संशोधक अॅन क्रिंग, जेम्स गोल्ड यांच्या अभ्यासांत दिसले, की समोर आलेल्या गोष्टीचा आनंद अनेक रुग्णांना इतरांसारखाच होतो. पुढे मिळणाऱ्या गोष्टीची ओढ मात्र लागत नाही. 2007 मधील एका अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या तुलनेत रुग्णांचा कल उशिराच्या मोठ्या रकमेपेक्षा लगेचच्या लहान रकमेकडे जास्त होता.

मानसशास्त्रज्ञ टिओडोरो आयलॉन आणि नेथन एझ्रिन यांनी 1960 च्या दशकात इलिनॉयमधील अॅना मनोरुग्णालयात बिल्ल्यांची पद्धत वापरली. भांडी घासून झाली, की तिथल्या तिथे हातात बिल्ला. त्यावर पुढे हवी ती वस्तू घ्यायची. काम न करताही बिल्ले मिळू लागले, तेव्हा काम जवळपास थांबले. पण रुग्णाच्या साध्या सोयीही बिल्ल्यांवर टांगल्या गेल्याने या पद्धतीवर टीका झाली, आणि ती योग्यच होती.

अमेरिकेतच मॉरिस बेल यांच्या संशोधक गटाने 150 रुग्णांना सहा महिन्यांचे काम देऊ केले. काहींना तासाला 3.40 डॉलर, काहींना बिनपगारी. पगार मिळणाऱ्यांनी अधिक तास काम केले, त्यांची लक्षणेही अधिक सुधारली.

मोबदला लगेच मिळणे आणि उशिरा मिळणे यातला फरक दौंड तालुक्यातील भांडगावच्या ऊसपट्ट्यात कुणालाही कळेल. आडसाली उसाचे पैसे दिसायला दीड वर्ष जाते, डेअरीत घातलेल्या दुधाचा पगार साधारण दहा दिवसांनी होतो, आणि खुरपणीचा रोज त्याच संध्याकाळी हातात पडू शकतो. आजारातून सावरणाऱ्या माणसाला पहिले काम देताना घरच्यांनी यातला तिसरा हिशेब धरावा.

घराबाहेर, संस्थेतल्या कामासाठी कायदाही आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 20 नुसार मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाकडून बळजबरीने काम करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावाच लागतो. तो किती दिवसांत द्यायचा, हे त्या कलमात सांगितलेले नाही.