अवायुजीवी जंतूंच्या बरणीची कुळकथा

जखमेतील पू, पोटातील गळू किंवा मातीचा कण यांत दडलेला जंतू ओळखायचा, तर तो आधी जिवंत आणि एकटा हाती लागावा लागतो. हवेत वाढणाऱ्या जंतूंपुरती ही अट रॉबर्ट कॉख यांच्या घट्ट पोषक माध्यमाने पुरी केली. बशीतील माध्यमाच्या पृष्ठभागावर नमुना तारेने विरळ पसरला की एकेका जंतूपासून टाचणीच्या डोक्याएवढी एकेक वसाहत उगवते, आणि तीतून उचललेला अंश म्हणजे त्या जंतूचे शुद्ध वाण होय. परंतु ज्यांना प्राणवायूच बाधतो अशा जंतूंना तो उघडा पृष्ठभाग जगूच देत नव्हता, आणि म्हणून त्यांच्या ओळखीच्या कसोट्या घडण्याआधी हवा काढून टाकण्याच्या युक्त्या घडाव्या लागल्या. त्या युक्त्यांत एका साध्या दिसणाऱ्या बरणीने जे साधले, ते दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला साधले नव्हते.

या जंतूंची पहिली निश्चित ओळख 1861 मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांना झाली. लोणी खवट झाल्यावर ज्या आम्लाचा वास येतो त्या ब्युटिरिक आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करताना, सूक्ष्मदर्शकाखालील थेंबाच्या मध्यभागी जंतू चपळपणे फिरत आहेत, मात्र कडेला, जिथे हवा लागते तिथे, ते निश्चल झाले आहेत, असे त्यांना दिसले. प्राणवायूशिवाय जीवन नाही या तेव्हाच्या दृढ समजुतीला तो एक थेंब पुरून उरला. 1863 मध्ये पाश्चर यांनी ग्रीक धातूंवरून अशा जीवांसाठी जो शब्द बनवला, त्याचाच अर्थ मराठीतील ‘अवायुजीवी’ या शब्दात उतरला आहे.

त्यानंतरच्या तीन दशकांत उपायांची गर्दी झाली. पाउल लिबोरियस यांनी 1886 मध्ये उंच नळीत खोलवर ओतलेल्या माध्यमाचा उपयोग केला, कारण माध्यम उकळल्याने त्यातील हवा निघून जाते आणि तळापर्यंत ती सहजी परत पोचत नाही. हान्स बुखनर यांनी 1888 मध्ये अल्कलीत मिसळलेल्या पायरोगॅलॉलकडून प्राणवायू शोषून घेतला. या काळातील सर्वांत देखणे काम मात्र कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेतील शिबासाबुरो कितासातो यांचे. धनुर्वाताचा जंतू आर्थर निकोलायर यांनी 1884 मध्येच मातीत दाखवला होता, पण तो इतर जंतूंच्या संगतीतून सुटत नव्हता. कितासातो यांनी मिश्र वाढ 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. सोबतचे जंतू मेले, धनुर्वाताच्या जंतूचे कठीण कवचाचे बीजाणू तेवढे तगले, आणि ते हायड्रोजन भरलेल्या काचपात्रात वाढवून 1889 मध्ये त्यांनी शुद्ध वाण मिळवले.

तरीही ही रीत बीजाणू न बनवणाऱ्या जंतूंना लागू नव्हती, आणि एकाच जखमेत दोन-तीन जातींचे बीजाणू असले तर तिथेही ती अपुरी पडे. द्रव माध्यमात अवायुजीवी जंतू किती बेमालूम दडतो, याची मुंबईशी जोडलेली एक वेदनादायक साक्ष आहे. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेल्या लसीच्या एका बाटलीतून टोचणी झाल्यावर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी 19 माणसे धनुर्वाताने दगावली. जंतू प्रयोगशाळेत शिरला की गावात बाटली उघडताना, या वादात त्या प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो दूर व्हायला 1907 साल उजाडले.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न तातडीचा केला. फ्रान्स व बेल्जियममधील शेते पिढ्यान्‌पिढ्या खत घातलेली, म्हणजे अवायुजीवी बीजाणूंनी भरलेली होती. तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर ती माती स्नायूंत खोल जाई आणि वायुकोथ, म्हणजे मांसात वायू साठून ते सडण्याचा विकार, माणसाला झपाट्याने मारी. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील म्युरिएल रॉबर्टसन यांनी 1916 मध्ये युद्धजखमांतील जंतूंसाठी शिजवलेल्या मांसाचे माध्यम वापरात आणले. मांसाचे कण स्वतःच प्राणवायू ओढून घेतात, शिवाय साखर पचवणारे जंतू मांस तांबूस करतात आणि प्रथिने पचवणारे ते काळवंडून दुर्गंधी सोडतात, त्यामुळे नळीकडे पाहूनच पहिला अंदाज बांधता येतो. तरी तेही द्रव माध्यमच.

त्याच वर्षी लंडन हॉस्पिटलमधील जेम्स मॅकिंटॉश आणि पॉल फिल्ड्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या बरणीचे वर्णन छापले. झाकणाखाली बारीक तारेच्या जाळीत पॅलॅडियम लावलेले ॲस्बेस्टॉस टांगायचे, ते तापवून झाकण घट्ट बसवायचे आणि हायड्रोजन आत सोडायचा, अशी तिची रचना होती. पॅलॅडियमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन व उरलेला प्राणवायू यांचे पाणी होते. या दोन वायूंचे मिश्रण स्फोटक असल्याने जाळीचे महत्त्व मोठे. खाणकामगारांच्या सुरक्षादिव्याप्रमाणे ती ज्वाला बाहेर पसरू देत नाही. प्राणवायू खरोखर संपला की नाही, हे सांगण्यासाठी मेथिलीन ब्लू, ग्लुकोज आणि अल्कली यांचे द्रावण आत ठेवले जाई, जे प्राणवायू असेतो निळे राहते आणि नसेल तेव्हा रंगहीन होते.

बरणीमुळे बश्याच्या बश्या एकदम निर्वात नव्हे, तर निष्प्राणवायू जागेत ठेवता आल्या, आणि कॉख यांची सुट्या वसाहतींची रीत अखेर या जंतूंनाही लागू झाली. जुन्या नोंदींत एकाच जंतूच्या नावावर दोन जंतूंचे गुण चढले होते, तो गोंधळ आता निस्तरता येऊ लागला. मॅकिंटॉश यांनी युद्धजखमांतील अवायुजीवी जंतूंच्या वर्गीकरणाचा अहवाल 1917 मध्येच लिहिला. पुढच्या कसोट्या या शुद्ध वाणांवर उभ्या राहिल्या. 1939 मध्ये नॅगलर यांनी ज्या विक्रियेचे वर्णन केले, तिच्यात वायुकोथाच्या प्रमुख जंतूचे विष अंड्याच्या बलकाच्या माध्यमात दुधाळ वलय उमटवते आणि प्रतिविष लावलेल्या अर्ध्या भागात ते उमटत नाही.

नंतरचे बदल सोयीचे होते, तत्त्वाचे नव्हेत. थंडच काम करणाऱ्या पॅलॅडियमच्या गोळ्यांमुळे तापवण्याची गरज संपली, आणि ब्रुअर व ऑलगायर यांनी 1966 मध्ये पाणी घालताच हायड्रोजन व कार्बन डायॉक्साइड सोडणारी पुडी दिल्यावर वायूचे नळकांडेही नको झाले. आता जंतूच्या प्रथिनांच्या वस्तुमानाचा आलेख काढून काही मिनिटांत नाव सांगणारी यंत्रे आली आहेत. पण नेहमीच्या वापरात त्यांनाही बशीवरची सुटी वसाहतच द्यावी लागते.

बरणीतून निघालेली प्रत्येक वसाहत अवायुजीवीच असते असे नाही, कारण दोन्हीकडे जगणारे जंतूही तिथे वाढतात. म्हणून ती वसाहत पुन्हा दोन बश्यांवर लावतात, एक बरणीत आणि एक हवेत. हवेतली बशी कोरी राहिली, तरच त्या जंतूला अवायुजीवी म्हणतात.