बुचाचं जाकीट आणि हार्नेसचा हूक

विंडसर्फिंगच्या हार्नेससोबत कोणतं बॉयन्सी व्हेस्ट घालावं, हा प्रश्न वरकरणी दुकानातला वाटतो. माप बघा, रंग बघा, पैसे द्या, विषय संपला. पण अंगाला हार्नेस बांधला की तोच प्रश्न किचकट होतो आणि त्याचं उत्तर, माझ्या मते, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जाकिटात दडलेलं आहे.

९ फेब्रुवारी १८६१. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं व्हिटबी हे गाव. वादळात एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर आदळत होती आणि गावची लाइफबोट त्यांच्या सुटकेसाठी पुन्हा पुन्हा समुद्रात जात होती. शेवटच्या खेपेला ती उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट फक्त त्याच्या अंगावर होतं.

हे जाकीट १८५४ साली जॉन वॉर्ड यांनी तयार केलं होतं. आरएनएलआय ही ब्रिटनमधली समुद्रात जीव वाचवणारी संस्था. वॉर्ड तिचे निरीक्षक. त्यांच्या अटी वाचल्या की आमच्या धंद्यातलं एखादं चांगलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचतोय असं वाटतं. भिजलेल्या जड कपड्यांसकट माणूस तरंगला पाहिजे, हे तर झालंच. पण त्याला वल्हवताही आलं पाहिजे, म्हणून बुचाचे अरुंद तुकडे कापडावर शिवून जाकीट लवचिक ठेवलं. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. जाकिटाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि मधे कमरेला घट्ट आवळायला मोकळी जागा. कारण कमरेला पक्कं बांधलं नाही तर पाण्यात जाकीट वर सरकतं आणि माणूस खालीच राहतो.

ही कमरेची जागा लक्षात ठेवा. पुढे सगळं भांडण तिच्यावरूनच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुचाच्या जागी कापोक आला. कापोक म्हणजे आपल्याकडच्या पांढऱ्या सावरीचा कापूस. आजीच्या उशीत भरलेला असायचा त्याचाच भाऊबंद! त्याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे पाणी सहज शिरत नाही. वजन कमी झालं, तरंगणं वाढलं. पण एक प्रश्न राहिलाच: माणूस बेशुद्ध असेल तर? शरीर तरंगतंय, पण तोंड पाण्यात आहे, तर त्या तरंगण्याचा उपयोग काय?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात एडगर पास्क नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःच्या शरीरावर शोधलं. ब्रिटिश हवाई दलासाठी काम करताना त्यांनी स्वतःला पूर्ण भूल देववली आणि वेगवेगळी जाकिटं घालून स्वतःला पाण्यात सोडायला लावलं. भूल देणारे होते ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिन्टॉश. शुद्धीतला माणूस कितीही नाटक केलं तरी नकळत मान उचलतो, म्हणून खरोखरच बेशुद्ध माणूस हवा होता. टेस्टिंगसाठी इतकं पुढे गेलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

अशा कामातून दोन वस्तू वेगळ्या झाल्या. बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड वर ठेवण्यासाठी बनवलेलं ते लाइफ जॅकेट. शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला फक्त मदत करतं ते बॉयन्सी व्हेस्ट. युरोपात १९९०च्या दशकात ईएन ३९३ या मानकाने आणि २००६ पासून आयएसओ १२४०२-५ने हा दुसरा वर्ग ठरवून दिला. मोठ्या माणसासाठी ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलोचा उचल. उताणं करण्याची हमी नाही.

आता विंडसर्फिंगकडे येऊ. हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी कॅलिफोर्नियात १९६८ साली पेटंटचा अर्ज केला, १९७० साली ते मिळालं. कल्पना अशी की डोलकाठी फळीला पक्की न बसवता सगळीकडे वळणाऱ्या सांध्यावर बसवायची आणि शीड हातांनी धरायचं. मजा आहे, पण थोड्या वेळात हात भरून येतात. त्यावर १९७०च्या दशकात हवाईत हार्नेस पुढे आला. अंगावर एक हूक, बूमला बांधलेल्या दोऱ्या, आणि शिडाचा ओढा हातांऐवजी धडावर. आधी हूक छातीवर होता. मग तो कमरेवर आला, आणि बसायच्या हार्नेसमध्ये त्याहूनही खाली.

बघा, आली की नाही वॉर्डसाहेबांची कमर! त्यांनी पट्ट्यासाठी मोकळी ठेवलेली जागा आता हुकाने घेतली. लांब व्हेस्ट हुकावर लोंबतं. मग दोरी अडकवताना हूक दिसत नाही, आणि पडल्यावर सोडवताना हाताला लागत नाही. पडल्यावर शीड अंगावर आलं तर पाण्यावर सपाट पसरतं, आणि व्हेस्ट तुम्हाला खालून त्याच्यावर दाबून धरतं. अशा वेळी आधी हूक सुटला पाहिजे, मग शीड वर ढकलून श्वास, मग बाजूला. तरंगवणारी गोष्टच अडवणारी होऊ शकते, म्हणून जास्त फोम म्हणजे जास्त सुरक्षा हा हिशोब इथे चालत नाही. आपोआप फुगणारं जाकीटही बाद, पहिल्या डुबकीलाच फुगून बसेल.

माझं मत सरळ आहे. कमरेचा हार्नेस असेल तर आखूड, हुकाच्या वर संपणारं ५० न्यूटनचं व्हेस्ट. बसायचा हार्नेस असेल तर थोडं लांब चालेल. लेबलवर १२४०२-५ हा आकडा शोधा, कारण 'इम्पॅक्ट व्हेस्ट' नावाने विकलं जाणारं बरंचसं सामान मार सोसण्यासाठी असतं, तरंगवण्याची हमी देत नाही. आणि विकत घ्यायच्या आधी हार्नेस चढवून, डोळे मिटून, एका हाताने हूक सापडतो का ते बघा. मग उथळ पाण्यात मित्राला खांदे वर ओढायला सांगा. व्हेस्ट कानापर्यंत आलं तर ते परत करा.

आणि एक. हे व्हेस्ट शुद्धीतल्या माणसासाठी आहे. बेशुद्ध झालात तर तुमचं तोंड वर करणारं कुणीतरी जवळ लागेल. फ्रीमनच्या जाकिटाने त्याला तरंगवलं, पण किनाऱ्यावर माणसंही होती. तेव्हा एकट्याने जाऊ नका.