कातडी, चामखीळ आणि पाण्याचा फोड

आपल्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या अवयवाला मराठीने दिलेली जुनी नावे मेलेल्या जनावराकडून आली आहेत. कातडे हा शब्द संस्कृत ‘कृत्ति’वरून आला आणि कृत्ति आली ‘कृत्’ म्हणजे कापणे या धातूवरून. कात्री आणि कातरणे ही त्याच घरातली भावंडे. सोललेले हत्तीचे कातडे पांघरणारा म्हणून महादेव ‘कृत्तिवास’. आळंदीजवळच्या चऱ्होलीत वाघेश्वर महादेवापुढे रोज हात जोडणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, देव जाणे. चामडे ‘चर्मन्’पासून, चांभार ‘चर्मकार’पासून. ग्रीकांचे तरी काय वेगळे? त्वचारोगतज्ज्ञाच्या पाटीवरच्या इंग्रजी शब्दातला ‘डर्मा’ही सोलण्याच्या क्रियापदातूनच निघाला. माणसाने आधी कातडे पाहिले ते सुरीच्या टोकाशी.

म्हणून जित्या माणसाविषयी हे शब्द आले की ते रागाचे किंवा टोकाचे होतात. गेंड्याची कातडी, चामडी लोळवणे, आपल्या कातड्याचे जोडे करून घालणे. याला एक गोड अपवाद चामखीळ. ती मूळची ‘चर्मकील’, म्हणजे कातडीत ठोकलेली खुंटी, आणि सुश्रुतसंहितेतही ती याच नावाने भेटते.

‘त्वचा’ सभ्य खरी, पण तिची घराघरांतली ओळख क्रमिक पुस्तकाने आणि पुढे क्रीमच्या जाहिरातींनी करून दिली. संस्कृतात त्वच् म्हणजे झाडाची सालही; वैद्याच्या ‘चातुर्जात’ या चार सुगंधी द्रव्यांच्या गटातले ‘त्वक्’ म्हणजे आपली दालचिनी.

या त्वचेच्या थरांची गोष्ट सुश्रुताने फार बहारीने सांगितली आहे. दूध तापताना साय धरते तसे गर्भावर त्वचेचे थर धरतात, असे तो म्हणतो आणि सात नावे देतो: अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी, मांसधरा. जाडी मोजायला त्याच्याकडे भाताचा दाणा होता. अवभासिनी दाण्याचा अठरावा भाग, तर सर्वांत आतली मांसधरा दोन दाण्यांएवढी. अंगाचे सगळे वर्ण दाखवणारी ती अवभासिनी. आणि रंग देणारे मेलॅनिन वरच्याच थरात असते, हे आजचे शास्त्रही सांगते. चरक सहाच थर मोजतो, पण पहिल्याला ‘उदकधरा’ म्हणतो. शरीरातले पाणी बाहेर उडू न देणे हे सर्वांत वरच्या थराचे मोठे काम, हे लक्षात घेतले की या नावाला दाद द्यावीशी वाटते.

पुस्तकातली आजची नावे बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा. तिच्याखाली चरबीचा थर. बरोबर आहेत, पण कोरडी आहेत. कार्तिकी वारीला चऱ्होली फाट्यावरून आळंदीकडे जाणाऱ्या दिंडीतल्या माणसाला विचारा. टाच दाखवून तो सांगेल, ‘हा पाण्याचा फोड, हा रक्ताचा.’ एवढ्या दोन शब्दांत दोन्ही थर आले. चालून चालून घासले की बाह्यत्वचेच्या आतच फट पडते आणि तिथे पाणी भरते. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते स्वच्छ. मार खोल लागून अंतस्त्वचेतल्या बारीक वाहिन्या फुटल्या की फोड काळपट लाल. फोड हा ‘स्फोट’चा वंशज, हे त्या टाचेकडे पाहून पटतेच. आणि घासणे सावकाश, महिनोन्‌महिने चालले तर फोड न येता थर जाड होतो. तो घट्टा. चाकणच्या कारखान्यात पाना फिरवणाऱ्या तळहातावरही तोच.

बाह्यत्वचेला माझ्या मते आपल्याकडे आधीच चांगला शब्द आहे: पापुद्रा. भाकरी फुगली की वर सुटतो तो, उन्हाने करपलेल्या खांद्यावरून निघतो तोही. पापणीवर तो मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा, तळपायावर सुमारे दीड मिलिमीटर. तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, मरून चपट्या होतात आणि साधारण महिनाभराने गळून जातात. शाळेत बाह्यत्वचा लिहू द्यावे, पण शिकवताना आधी पापुद्रा म्हणावे.

वारीला जाणार असाल तर एवढे करा: फोड फुटला तरी वरचा पापुद्रा ओढून काढू नका. खालची नवी त्वचा धरेपर्यंत जंतूंना अडवायला तोच असतो.