राजा गेला, शहाणी चिमणी आली

 

आज एका जुन्या गोष्टीचा इतिहास सांगते. शिकाऱ्याच्या जाळ्यात पाखरं अडकतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडून त्यांना सोडवतो. पंचतंत्रातली ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण त्यात पाखरांना वाट दाखवणारा कोण होता, आठवतं? चित्रग्रीव, कबुतरांचा राजा. राजा बोलला, प्रजेनं ऐकलं.

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजननं याच गोष्टीवर एक छोटा कार्टूनपट काढला, ‘एक, अनेक और एकता’. तो केला विजया मुळे यांनी. त्यांचा जन्म १९२१ सालचा, मुंबईचा. चित्रं हलती केली भीमसेन यांनी. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे ‘श्यामची आई’ला ज्यांनी संगीत दिलं तेच. आणि गाणारी पोर होती साधना सरगम, आपल्या कोकणातली. पुढे दूरदर्शनवर हा कार्टूनपट इतक्यांदा लागला की त्या वेळच्या मुलांना तो तोंडपाठ झाला.

आता यात बदललं काय, ते बघा. राजा गेला. त्याच्या जागी एक शहाणी चिमणी आली, नि तिनं युक्ती सांगितली. गोष्ट सांगायलाही गुरुजी नाहीत, एक ताई आहे. ती लहान भावंडांना ‘एक’ म्हणजे काय आणि ‘अनेक’ म्हणजे काय ते समजावते. शेवटी पडद्यावर तऱ्हेतऱ्हेच्या पेहरावातली, वेगवेगळ्या बोलीची माणसं येतात, आणि ती सगळी या देशाचीच. या कार्टूनपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आपल्या चिऊताईची गोष्ट आठवा. तिथं चिमणी घरात, बाळाची अंघोळ-पावडर करण्यात गुंतलेली. इथं तीच चिमणी थव्याच्या पुढं आहे.

हे सोपं नव्हतं. अमेरिकेत डिस्ने कंपनीनं १९३७ साली हिमगौरीवर पहिला मोठा कार्टूनपट काढला. तिथं काळ्या वर्णाची राजकन्या पडद्यावर यायला २००९ साल उजाडलं. बहात्तर वर्षं! एवढ्या काळात किती काळ्यासावळ्या पोरींनी गोरी राजकन्या बघून आरशात स्वतःला कमी लेखलं असेल? आपल्याकडंही ‘गोरीगोरीपान’चं वेड काही कमी नाही.

म्हणून म्हणते, जुनी गोष्ट टाकून द्यायची गरज नाही. तिच्यात बोलतं कोण, पुढं कोण आणि दिसतच नाही कोण, एवढं बघायचं.

हीच नजर आपल्या बचत गटालाही लावा. एकीचं आपण सगळ्याच बोलतो. पण बैठकीत दर वेळी त्याच दोघी बोलत असतील, वाडीवस्तीवरची बाई कोपऱ्यात गप्प बसून अंगठा देऊन जात असेल, तर ती एकी नाही, ती चित्रग्रीवाची प्रजा झाली. जाळं उचलायला सगळ्यांचे पंख लागतात, तर युक्ती सांगायलाही सगळ्यांची पाळी यायला हवी.

पुढच्या बैठकीत सुरुवात कोपऱ्यातल्या बाईपासून करा. आणि आज रात्री लेकरांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा चिमणीला बोलू द्या.