डाकूचा पोरगा हिरो होतो तेव्हा

हिरो चांगला, व्हिलन वाईट, खेळ खल्लास. कॉमिक्सबद्दल आपल्यापैकी बहुतेकांचं मत एवढंच असतं. पोराच्या हातात दिसलं की "ठेव ते, अभ्यास कर." पण या रंगीत पानांचा इतिहास जरा सावकाश पाहिला, तर चांगला-वाईट ठरवायची आपली घाई किती जुनी आहे ते कळतं. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा मंडळी.

१९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. मराठीतही ते निघायचं. त्यातला सगळ्यात गाजलेला गडी म्हणजे वेताळ. मूळचा अमेरिकेतला फँटम, ली फॉकनं १९३६ मध्ये उभा केलेला. त्याच्या पहिल्या पूर्वजाची गोष्ट आठवते ना? समुद्री चाच्यांनी बाप मारला. मुलानं बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन शपथ घेतली, की आपण आणि आपला वंश आयुष्यभर अन्यायाशी लढू. बाप चांगला, मारणारा वाईट. सरळ हिशेब.

आता बारा वर्षं पुढे या. १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' आणला. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, खाली जीन्स, अगदी आपल्या मातीतला हिरो. त्याचाही बाप मारला गेला होता. पण हा बाप, भैरवसिंग, स्वतःच डाकू होता, आणि त्याला मारणारा होता पोलीस अधिकारी विशाल. बहादूरच्या मनातही आधी सूडच होता. पुढे आपला बाप काय करत होता हे त्याला कळलं, आणि त्यानं बंदूक विशालवर चालवण्याऐवजी डाकूंपासून गावं राखायला नागरिक सुरक्षा दल उभं केलं.

हा काळही लक्षात घ्या. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकारानं चंबळच्या शेकडो डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती. डाकू म्हणजे फक्त गोळी घालायचं जनावर, की बदलू शकणारा माणूस, हा प्रश्न तेव्हा देशासमोर होता. बहादूर त्याच हवेतला.

वेताळ आणि बहादूर, दोघांची जखम एकच: बापाचा मृत्यू. पण वेताळाला फक्त शत्रूशी लढायचं आहे, बहादूरला आधी घरातल्या सत्याशी लढावं लागतं. पात्र खोल होतं ते इथं. अंगात किती ताकद आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

व्हिलनचंही तेच. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्स छापणाऱ्यांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. गुन्हेगाराबद्दल वाचकाला सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही, आणि प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय व्हायला पाहिजे, असा नियमच होता. मग व्हिलन पुठ्ठ्याचे होणार नाहीत तर काय? १९६३ मध्ये एक्स-मेनमध्ये आलेला मॅग्नेटो असाच जगावर राज्य करू पाहणारा दुष्ट होता. १९८१ मध्ये लेखक ख्रिस क्लेअरमाँटनं त्याला भूतकाळ दिला: हा माणूस लहानपणी हिटलरच्या छळछावणीतून वाचलेला आहे. त्याची कृत्यं तीच राहिली, पण तो असा का झाला हे वाचकाला समजायला लागलं.

आपल्याकडचा नागराज तर याहून पुढचा. १९८६, राज कॉमिक्स. प्रोफेसर नागमणी नावाच्या व्हिलननं त्याला दहशतीचं हत्यार म्हणूनच तयार केलेलं. गोरखनाथांनी त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढली तेव्हा तो मोकळा झाला. म्हणजे व्हिलनच्या कारखान्यातून निघालेला हिरो! त्याचे सुरुवातीचे अंक काढले ते आपल्या मराठी चित्रकारानं, प्रताप मुळीक यांनी. अमर चित्र कथेतले शिवाजी महाराजही त्यांच्याच हातचे.

अमर चित्र कथा १९६७ ची, अनंत पै यांची. तिचे उपकार मोठे आहेत, पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. तिथला राक्षस पुष्कळदा काळा, आडदांड, मोठ्या मिशांचा असतो. त्यानं अजून काही केलेलंही नसतं, तरी पोराला कळतं की हाच वाईट. गोष्टीच्या आधी चित्रच निकाल देऊन टाकतं. अन् इकडे आपल्याच विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात, दहा तोंडांच्या रावणाच्या मूर्तीची पूजा होते. एकाच पात्राकडे पाहायच्या दोन नजरा, त्याही शे-दीडशे किलोमीटरच्या आत.

आता म्हणाल, ढाणकी-उमरखेडकडच्या आपल्या माणसांना याचं काय? सांगतो.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात अख्ख्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. पोर पाळण्यात असतानाच व्हिलन! तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कागदावरून गेला. पण आजही गावात चोरी झाली की पहिलं बोट कुठं जातं? पारध्यांच्या बेड्याकडे. पुरावा नंतर, आधी चेहरा. भैरवसिंगचा पोरगा आपल्या गावात जन्मला असता तर आपण त्याला बहादूर होऊ दिलं असतं का? शाळेतल्या पहिल्याच दिवशी कोणीतरी 'डाकूचं पोरगं' म्हटलं असतं, अन् त्याच्या बाजूला कोणी बसलं नसतं.

काही जण लगेच म्हणतील, म्हणजे गुन्हेगाराला माफ करायचं का? अजिबात नाही. बहादूरनं बापाच्या गुन्ह्यावर पांघरूण घातलं नाही, उलट त्याच वाटेनं जाणाऱ्यांना अडवलं. कारण समजून घेणं वेगळं, गुन्हा माफ करणं वेगळं. शिक्षा केलेल्या कृत्याची असते, जन्माची नसते. आणि उलट बाजूही तितकीच खरी: हिरो मानलेल्या माणसाचा भूतकाळ, त्याच्या चुका विचारल्या म्हणून त्याचा अपमान होत नाही. आज मोबाईलवर आपण नेत्यांना, जातींना, शेजाऱ्यांना दोनच रंगांत रंगवतोय. पन्नास वर्षांपूर्वीचं पोरासोरांचं कॉमिक यापेक्षा जास्त समजूतदार होतं, हे जरा लाजिरवाणंच आहे.

घरातल्या पोराच्या हातात कॉमिक दिसलं तर हिसकावू नका. जवळ बसा अन् विचारा, "हा व्हिलन असा का झाला असेल रे?" मग त्याचं उत्तर शांतपणे ऐका.