‘झीरो’चें कूळ आणि नेवाळीची जमीन

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपल्याकडे वाचला जातो तो बहुधा युरोपच्या बाजूनें. हिटलर, चर्चिल, स्टालिनग्राड हीं नांवें घरोघरीं ठाऊक असतात. परंतु हिंदुस्थानच्या किनाऱ्याशीं समुद्रमार्गानें येऊन भिडलेला शत्रु जपान होता, आणि त्याला इतक्या दूरवर आणणारें साधन म्हणजे विमानवाहू जहाजें व त्यांवरील विमानें होत, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. त्या लढाऊ विमानांचें एक कूळच आहे. आणि त्या काळच्या धाकाची एक खूण आमच्या ठाणें जिल्ह्यांत, कल्याणच्या पलीकडे, अद्यापि जमिनीवर उमटलेली आहे. म्हणून नौपाड्यांत बसून जपानी विमानांवर लिहिणें हा विक्षिप्तपणा आहे असें वाचकांनीं समजूं नये.

जहाजावरचें लढाऊ विमान तयार करणें हें जमिनीवरचें विमान तयार करण्याहून अवघड काम आहे. जहाजाची धांवपट्टी तोकडी. म्हणून विमान थोडक्या जागेंत उडालें पाहिजे आणि मंद वेगानें उतरलें पाहिजे. चोहोंकडे पाणी, म्हणून पेट्रोल पुष्कळ नेलें पाहिजे. जहाजाच्या पोटांतील कोठारांत लिफ्टनें उतरावयाचें; म्हणून पंख बेताचे हवेत. यांतील प्रत्येक मागणी दुसरीच्या आड येते. जपानी नौदलानें हा गुंता प्रथम बऱ्याच अंशीं सोडविला तो मित्सुबिशी कंपनीच्या ‘९६’ या विमानांत. जिरो होरिकोशी हा तिशी नुकतीच ओलांडलेला इंजिनियर त्याचा कर्ता. १९३५ सालीं हें विमान प्रथम उडालें. सर्व धातूचें, एकाच पंखजोडीचें. मात्र चाकें खालीं लोंबत राहिलेलीं आणि वैमानिकाची बैठक उघडी. हाच आपल्या कुळाचा मूळपुरुष. १९३७ पासून चीनच्या आकाशांत त्यानें आपलें नांव गाजविलें.

त्याच वर्षीं नौदलानें नव्या विमानाची मागणी पुढें मांडली. वेग ताशीं पांचशें किलोमीटर, कित्येक तास हवेंत राहण्याची ताकद, दोन वीस मिलिमीटरच्या तोफा, आणि चपळाई जुन्या ‘९६’हून तसूभरहि कमी नको! नाकाजिमा या प्रतिस्पर्धी कंपनीनें हें होणें नाहीं म्हणून अंग काढून घेतलें. होरिकोशीनें वाट काढली ती वजनांतून. मोठें इंजिन मिळण्यासारखें नव्हतें, तेव्हां जें मिळेल त्याच्या जोरावर उडावयाचें तर ओझें कमी करणें एवढाच उपाय. सुमितोमो कंपनीनें नुकतीच सिद्ध केलेली अॅल्युमिनियमची मिश्रधातु त्यानें पंखांच्या तुळयांस वापरली. जेथें चालेल तेथें सांगाड्याला भोंकें पाडलीं. वैमानिकाच्या पाठीशीं पोलादी पत्रा नाहीं. गोळी लागली असतां भोंक आपोआप बुजविणारें रबरी अस्तर पेट्रोलच्या टाकीला नाहीं. रिकामें विमान भरलें अवघें सुमारें १,६८० किलो.

शिवकालीन घोडदळाचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस ही युक्ति अपरिचित वाटणार नाहीं: सामान थोडें आणि मजल लांब. परंतु आमचा घोडेस्वार निदान पाठीला ढाल बांधीत असे. होरिकोशीच्या वैमानिकाला तीहि मिळाली नाहीं. याचा दोष होरिकोशीला देण्याचा प्रघात आहे, तो मला मान्य नाहीं. जें मागितलें तें त्यानें दिलें. ढाल मागितलीच गेली नव्हती.

आणखी एक गंमतीची हकीकत आहे. जगांतील या अत्यंत नव्या विमानाचा पहिला नमुना नागोयाच्या कारखान्यांतून विमानतळापर्यंत, सुमारें तीस मैल, बैलगाड्यांवर लादून नेण्यांत आला. कारण रस्ता खडबडीत होता आणि मोटारीच्या हिसक्यांनीं विमान खिळखिळें झालें असतें. १ एप्रिल १९३९ रोजीं तें उडालें. पुढच्या वर्षीं नौदलानें तें स्वीकारलें. आपल्याकडे तेव्हां शके १८६२ चालू होतें. जपानी राजगणनेप्रमाणें तें वर्ष २६०० होतें. त्यांतील शेवटचा अंक शून्य, म्हणून विमानाचें नांव शून्य, इंग्रजींत ‘झीरो’. सप्टेंबर १९४० मध्यें चुंगकिंगवर तेरा ‘झीरों’नीं सत्तावीस चिनी विमानें पाडल्याचा दावा केला आणि स्वतःचें एकहि गमावलें नाहीं. दावा थोडा फुगलेला धरला, तरी निकाल स्पष्ट होता.

नौदलाच्या दप्तरांत या विमानाची नोंद ‘ए-६-एम’ अशी असे: ‘ए’ म्हणजे जहाजावरील लढाऊ विमान, सहा हा त्या मालिकेंतील क्रमांक, आणि ‘एम’ म्हणजे मित्सुबिशी. यापुढें येणाऱ्या पोटभेदांच्या आंकड्यांनीं पुष्कळ वाचक गोंधळतात, पण किल्ली सोपी आहे. दोन आंकड्यांपैकीं पहिला सांगाड्याचा, दुसरा इंजिनाचा. पर्ल हार्बरवर गेलें तें ‘२१’; लिफ्टमध्यें मावावें म्हणून त्याच्या पंखांचीं टोकें अर्धा अर्धा मीटर दुमडतां येत. त्यानंतर आलें ‘३२’. त्यांत इंजिन अधिक जोराचें घातलें आणि दुमडणारीं टोकें सरळ कापूनच टाकलीं. वेग वाढला; परंतु नवें इंजिन जड व अधिक पेट्रोल पिणारें, त्यांत टाकी लहान झालेली, म्हणून पल्ला घटला. आणि घटला तो नेमक्या कोणत्या वेळीं? १९४२ च्या ऑगस्टांत ग्वाडलकॅनालची लढाई पेटली, तेव्हां राबाउलहून तेथपर्यंत एका दिशेस सुमारें एक हजार किलोमीटर! नवें विमान तळावर बसून राहिलें आणि जुनें ‘२१’ लढावयास गेलें. तेव्हां घाईघाईनें जुने पंख नव्या इंजिनाला जोडून ‘२२’ काढावें लागलें. आंकड्यानें धाकटें, जन्मानें मात्र पाठचें, असें हें भावंड आहे. बेटांवर धांवपट्टी नसे म्हणून नाकाजिमानें चाकांच्या जागीं तरंगता पाट बसवून पाण्यावर उतरणारा एक प्रकारहि बनविला.

आतां १९४२ च्या एप्रिलाकडे वळूं. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारीं सकाळीं, ॲडमिरल नागुमोच्या पांच विमानवाहू जहाजांवरून सुमारें सव्वाशें विमानें कोलंबोवर आलीं. त्यांच्या रक्षणास छत्तीस ‘झीरो’ होतीं. ब्रिटिशांचीं हरिकेन विमानें त्यांच्याशीं भिडलीं आणि त्यांतील पंधराएक परत आलीं नाहींत. त्याच दुपारीं ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ या दोन क्रूझर बुडाल्या. ४२४ खलाशी मेले. दुसऱ्या दिवशीं बंगालच्या उपसागरांत फिरणाऱ्या दुसऱ्या जपानी तुकडीच्या विमानांनीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब टाकले. ९ तारखेस त्रिंकोमाली. आणि त्याच दिवशीं ‘हर्मीस’ हें ब्रिटिश विमानवाहू जहाज बुडालें, तेव्हां त्यावर एकहि विमान नव्हतें. मद्रास शहर ओस पडूं लागलें. ब्रिटिश आरमाराचा संथ भाग पूर्व आफ्रिकेस निघून गेला आणि वेगवान भाग एप्रिलच्या मध्यास मुंबई बंदरांत येऊन उभा राहिला. ज्या शक्तीनें दीडशें वर्षें या समुद्रावर कोणाला मान वर करूं दिली नव्हती, तिची ही स्थिति मुंबईकरांनीं आपल्या दारीं पाहिली.

नागुमो पश्चिम किनाऱ्याकडे वळला नाहीं. तो परत गेला, आणि दोन महिन्यांच्या आंत कोलंबोवर आलेल्या पांच जहाजांपैकीं तीन मिडवेच्या लढाईंत बुडालीं. त्याच जून महिन्यांत अल्यूशियन बेटांपैकीं एका दलदलींत एक ‘झीरो’ उलटून पडलें. वैमानिक मेला, विमान जवळजवळ शाबूत राहिलें. अमेरिकनांनीं तें नेऊन दुरुस्त केलें व उडवून पाहिलें. अति वेगांत त्याचीं सुकाणें ताठरतात आणि तें चटकन कुशीवर वळत नाहीं, हें मर्म त्यांस कळलें. पुढें ‘५२’ निघालें, त्याचा पत्रा जाड केला, ढाल व अस्तर उशिरां उशिरां येऊं लागलें. पण इंजिन तेंच राहिलें, म्हणून प्रत्येक दुरुस्तीबरोबर विमान जड होत गेलें. ज्या हलकेपणावर सारा डोलारा उभा होता, तोच असा हप्त्याहप्त्यानें विकला गेला. खरोखर मोठें इंजिन बसविलेला शेवटचा प्रकार १९४५ त चांचणींत असतांनाच युद्ध संपलें. त्यापूर्वींच, १९४४ च्या ऑक्टोबरपासून, यांतील अनेक विमानें तरुण पोरांसह शत्रूच्या जहाजांवर आदळण्याकडे खर्ची पडूं लागलीं होतीं. सगळीं मिळून या कुळांत दहा हजारांवर विमानें बनलीं. निम्म्याहून अधिक बनविलीं तीं, आरंभीं हें होणें नाहीं म्हणणाऱ्या नाकाजिमानें.

यांतील एकहि ठाण्याच्या आकाशांत आलें नाहीं. पण जपानी युद्धाच्या त्या वर्षांत मुंबईच्या पाठीशीं असलेल्या या मुलखाचें रूप पालटलें. कल्याणजवळ सैन्याची प्रचंड छावणी वसली. तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिचें उल्हासनगर झालें. ‘कॅम्प नंबर’ हे शब्द मात्र तेथें पत्त्यांत आजहि लिहिले जातात. मलंगगडाच्या रस्त्यावर नेवाळी येथें सरकारनें १९४२ सालीं शेतकऱ्यांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन विमानतळाकरितां घेतली आणि धांवपट्ट्या बांधल्या. युद्ध संपलें, इंग्रज गेले. जमीन परत झाली नाहीं. ती पुढें आपल्या नौदलाच्या ताब्यांत गेली.

नौदलाचें म्हणणें असें, कीं जमीन रीतसर संपादन झालेली आहे व ती संरक्षणखात्याची आहे. गांवकऱ्यांचें म्हणणें असें, कीं ती युद्धापुरती घेतली होती आणि युद्ध संपून सत्तर वर्षें लोटलीं. दोन्ही पक्षांचे कागद कोर्टानें तपासावे. पण एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं, कीं १९४२ च्या त्या वर्षीं, सरकार स्वतःच भयभीत झालें असतां, खेडुताला आपली संमति आहे किंवा नाहीं हें सांगण्याची सोय कितपत होती, याचा विचार केवळ दस्तावरील तारखेनें होत नाहीं. नौदलानें जागेभोंवतीं भिंत घालण्यास घेतल्यावर २२ जून २०१७ रोजीं नेवाळीस दंगल उसळली. रस्ते अडविले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिसांनीं छर्रे झाडले, आणि दोन्ही बाजूंचीं माणसें इस्पितळांत गेलीं. त्यांत ज्यांचीं नांवें गुन्ह्यांत आलीं, त्यांतील बहुतेकांचा जन्म शेवटचें ‘झीरो’ उडाल्यानंतर कित्येक वर्षांनीं झाला होता.