चाळिसाव्याने केलेला घात

गोखिवऱ्याच्या आमच्या वर्गात मागे एकदा मी मोठ्या दिमाखात एक नियम मांडला. कोणतीही संख्या घ्या, तिला पुढच्या संख्येने गुणा, ४१ मिळवा. उत्तर मूळ संख्याच! १ ला ४३, २ ला ४७, ३ ला ५३. दहापर्यंत करून दाखविले आणि ‘नेहमी असेच’ म्हणून खडूचे हात झटकले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन उभी. “गुरुजी, चाळीसला मोडतंय.” मोडलेच होते! १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. एकोणचाळीस साक्षीदार खरे बोलले, चाळिसाव्याने घात केला. (मॅट्रिकवर थांबलेल्या कादंबरीकाराने गणित शिकवावे काय, हा प्रश्न वाचकांनी मनातच ठेवावा.)

तेव्हापासून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मला अधिकच जवळचे वाटू लागले. जन्म १९०५ चा, आमच्याच जिल्ह्यातल्या डहाणूचा. आणि पेशाही आमचाच. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळविलेला हा माणूस १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तरच राहिला. १९४९ साली त्यांना ६१७४ सापडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक तेवढे सारखे नकोत. अंक उतरते मांडून त्यांतून चढते वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. पुढे शून्य आले तरी टाकू नका. त्यांचे जन्मवर्षच पाहा: १९०५ वरून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सात पायऱ्या! याहून अधिक कोणत्याच संख्येला लागत नाहीत.

येथे ‘नेहमी’ म्हणायला हरकत नाही. अशा संख्या अवघ्या ८९९१. चिकाटी असेल तर एकूण एक तपासता येतात. संख्या अनंत असल्या की मात्र सिद्धताच हवी. आणि सिद्धतेलाही कुंपण आहे. कापरेकरांहून वर्षाने धाकट्या कुर्ट गोडेलने १९३१ साली दाखविले, की साधे अंकगणित मावेल असे कोणतेही नेमके, विसंगतीवाचूनचे नियम घ्या. काही खरी विधाने त्यांनी सिद्ध होतच नाहीत.

वर्गात हे सांगितले, तर तीच मुलगी म्हणाली, “सिद्ध होत नाही, तर खरं आहे हे त्यांना कळलं कसं?”

दोन रात्री पुस्तकात डोके घातले तेव्हा कुठे उत्तर देता आले. गोडेलने अंकांच्या भाषेत एक विधान रचले: ‘मी या नियमांनी सिद्ध होत नाही.’ ते सिद्ध झाले, तर नियमांनी खोटे पदरात घेतले. नियम खोटे सिद्ध करीत नसतील, तर ते सिद्ध होत नाही. आणि ते म्हणते तेही एवढेच.

मुलीने मान डोलावली खरी. पण वहीच्या कोपऱ्यात तिच्या वजाबाक्या चालूच होत्या. स्वतःचे जन्मवर्ष घेऊन.